रविवारी बटण कोण दाबतं

पहिल्याच झटक्यात चालू झालेल्या इंजिनावर केलेपीने कधी विश्वास ठेवला नाही. इंजिन कुरकुरलं, दोनदा खोकून मग लागलं, तर त्याला बरं वाटायचं. निदान दुखणं कुठे आहे ते तरी कळतं, असं तो म्हणायचा. पण किल्ली फिरवताच एखादं इंजिन गुमान सुरू झालं की हा त्याच्याभोवती फेऱ्या मारायचा, वाकून धुराचा वास घ्यायचा, पत्र्यावर तळहात ठेवून डोळे मिटायचा. वावाऊ बेटावरच्या नेयाफूच्या बंदरात त्याची यावरून भरपूर टिंगल व्हायची. लग्नाच्या दिवशी त्याने बायकोला दोनदा विचारलं की हो म्हणालीस ते नक्की का, असं लोक सांगायचे. ते खोटं होतं. त्याने एकदाच विचारलं होतं.

बंदरावर मासळीचा मोठा बर्फखाना होता आणि बर्फखान्यामागे पत्र्याच्या पेटीत बसवलेला जनरेटर होता. तो केलेपीच्या ताब्यात. वावाऊत वीज कधी जाईल याचा नेम नाही. वादळात तर जातेच, पण कधीकधी छान ऊन पडलेलं असतानाही जाते, आणि का गेली हे कुणी सांगत नाही. सगळ्या होड्यांची मासळी त्या एका बर्फखान्यात, म्हणजे सगळ्या बंदराची भिस्त त्या एका इंजिनावर. केलेपी दर सकाळी टाकीच्या तळाशी साचलेलं पाणी जॅमच्या बाटलीत काढायचा आणि बाटली उन्हात धरून बघायचा. बॅटरीच्या टोकांवरचं मीठ खरवडायचा. महिन्यातून एकदा तो मुद्दाम मेन बंद करून सगळा बर्फखाना जनरेटरवर टाकायचा आणि इंजिनाचा आवाज जड झाला की समाधानाने मान हलवायचा. इंजिन रिकामं फिरवून काय कळतं, ओझं वाहतं का ते बघायला हवं, हे त्याचं ठाम मत होतं.

हा संशय त्याला जन्मापासून नव्हता. तरुणपणी तो बेटांमध्ये फिरणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा, आणि तेव्हा चारचौघांसारखाच गाफील होता. एकदा फिल्टर बदललाय असं एका सोबत्याने सांगितलं आणि याने मान डोलावली. हापाई बेटांच्या बाजूला भर लाटांत इंजिन बसलं. बोट प्रवाळाच्या खडकाकडे वाहत चालली, तेव्हा वाइसेले नावाच्या खलाशाने दोर कमरेला बांधून पाण्यात उडी मारली आणि एका खडकाला दोराचा वेढा देऊन बोट थांबवली. फिल्टर जुनाच होता, चिखलाने भरलेला. त्या दिवसापासून केलेपीने माणसांच्या शब्दावर विसंबणं सोडलं. एकट्या वाइसेलेच्या शब्दावर तेवढा तो विसंबत असे. पुढे बर्फखान्याला वॉचमन हवा होता तेव्हा केलेपीनेच शब्द टाकून त्याला चिकटवलं. संध्याकाळी कावा, म्हणजे मुळाचं गुंगी आणणारं पेय, प्यायला दोघं शेजारी शेजारी बसत आणि एकमेकांची निंदा करत.

जनरेटर न्यूझीलंडहून आलेला, जुना. बसवायला आलेल्या माणसाने त्याला एक घड्याळ लावून दिलं होतं. दर रविवारी सकाळी आठला इंजिन आपोआप सुरू व्हायचं आणि अर्ध्या तासाने थांबायचं. रविवारी तुमचा धंदा बंद, म्हणजे कुणाला त्रास नाही, असं तो म्हणाला आणि विमानात बसून निघून गेला. आता वावाऊत रविवारी काहीच चालत नाही. दुकान नाही, होडी नाही, धुणं वाळत घातलं तरी शेजारी खाकरतात. केलेपीला धाकधूक वाटली, म्हणून तो पाळकसाहेबांकडे गेला. ते पोट धरून हसले आणि म्हणाले की यंत्राचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला रविवार लागू नाही. माणसाने हात लावला नाही म्हणजे झालं. केलेपी निश्चिंत झाला. त्याचं घर बेटाच्या पलीकडच्या अंगाला, तिथे इंजिनाचा आवाज पोहोचत नसे, आणि रविवारी सकाळी तो अंगणात उमूचे, म्हणजे जमिनीतल्या भट्टीचे, दगड तापवण्यात गुंतलेला असे.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एका सोमवारी तो कामावर आला तर जनरेटरच्या कळांच्या खोक्यावर लाल दिवा पेटलेला होता.

पेटीच्या बाहेरच्या अंगाला एक मोठं लाल बटण असतं, बशीएवढं. आग लागली, कुणाचा हात अडकला, तर ते दाबायचं आणि इंजिन जागच्या जागी थांबतं. एकदा ते दाबलं की कळांच्या कुलूपबंद खोक्यात किल्ली फिरवेपर्यंत इंजिन काही केल्या सुरू होत नाही. वीज जाऊ दे, नाहीतर आभाळ कोसळू दे. ते बटण आत गेलेलं होतं. केलेपीला वाटलं, खाऱ्या हवेने आतलं काही चिकटलं असेल. त्याने सगळं उघडलं, पुसलं, तारा घट्ट केल्या. पुढच्या सोमवारी बटण पुन्हा आत.

आता मात्र त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तारांना वार कळत नाही. खारी हवा सोमवार बघून येत नाही.

त्याने टाकीत काठी घालून डिझेल मोजलं, आणि त्याची झोपच उडाली. डिझेल कमी झालं नव्हतं. कमी व्हायला हवं होतं, अर्धा तास इंजिन चालतं ते काय हवेवर? दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. केलेपीने विचार केला की कुणीतरी डिझेल काढतंय आणि चोरी कळू नये म्हणून वरून पाणी ओततंय, तेही जरा जास्तच. बटण दाबतात ते याचसाठी, चोरी चालू असताना इंजिन अचानक सुरू होऊ नये म्हणून. त्याने तळातून बाटलीभर काढून उन्हात धरलं. रोजच्याइतकं थेंबभर पाणी, बाकी स्वच्छ डिझेल. याने त्याचा संशय कमी व्हायला हवा होता. उलट चोर फारच हुशार दिसतोय असं त्याच्या मनाने घेतलं.

रविवारी त्या आवारात एकच माणूस असायचा. फाटकाजवळ खुर्ची टाकून बायबल वाचत बसलेला वाइसेले.

केलेपी त्याच्याकडे गेला तेव्हा तो नारळाच्या काथ्याचा दोर वळत होता.

“रविवारी इथे कोण आलं होतं?” केलेपीने विचारलं.

“रविवारी कोण येणार? देवाचा दिवस.”

“मग बटण कुणी दाबलं?”

वाइसेलेने दोराला पीळ दिला आणि समुद्राकडे बघितलं. “हे मला विचारू नकोस, केलेपी.”

“मग कुणाला विचारू? आतल्या माशांना?”

“त्यांनाच विचार. ते खरं सांगतील, आणि वर चार शिव्याही देतील.”

एरवी केलेपी हसला असता. पण वाइसेलेने त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता, आणि एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्याला पक्कं वाटलं. त्या संध्याकाळी कावा प्यायला तो वाइसेलेच्या शेजारी न बसता समोर बसला, आणि सगळा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिला. हाताला डिझेलचा वास येतो का ते बघण्यासाठी त्याने एकदा कारण नसताना हात मिळवला. वास काथ्याचा आला.

त्या शनिवारी केलेपी सासुरवाडीला एका धाकट्या बेटावर गेला. रविवारी होडी सुटत नाही, म्हणजे सोमवारशिवाय परतणं नाही. आणि नेमकी त्याच रविवारी, चर्च सुटल्यावर, वीज गेली. बटण दाबलेलं होतं. खोक्याची किल्ली एकच, आणि ती केलेपीच्या खिशात, त्या बेटावर. दुसरी किल्ली करून कुणाकडे द्यायला त्याने आजवर कधी तयारी दाखवली नव्हती. वाइसेलेने बटण बाहेर ओढून पाहिलं, पेटीला लाथा घातल्या, दारांच्या फटींत ओली गोणपाटं कोंबली. सोमवारी सकाळी केलेपी धक्क्यावर उतरला तेव्हाच त्याला वास आला. निर्यातीची सगळी ताजी मासळी गेली होती. कोळी ती पाट्या भरभरून डोंगराच्या बाजूला खड्ड्यात नेऊन ओतत होते.

बर्फखान्याची व्यवस्थापक लेसिएली. ऑकलंडमध्ये वाढलेली, कामाला कडक, पण वडीलधाऱ्यांशी अदबीने वागणारी. तिने दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं की बटण कुणी दाबलं. वाइसेले जमिनीकडे बघत राहिला. मासळीचा वास केलेपीच्या नाकात होता आणि आपल्याला फसवलं गेलंय हा राग डोक्यात.

“आवारात हा एकटाच असतो,” तो म्हणाला. “बाकी तुम्हीच समजा.”

लेसिएलीने वाइसेलेला विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. वाइसेले म्हणाला की त्याने बटण दाबलेलं नाही. मग कुणी दाबलं ते पाहिलंत का, तर तो गप्प. तिने तीनतीनदा विचारलं. शेवटी ती म्हणाली की येत्या रविवारपर्यंत नाव सांगा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. वाइसेलेच्या घरी सहा तोंडं खाणारी आणि मिळवणारा हा एकटा, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. बाहेर पडताना त्याने केलेपीसाठी दार धरून ठेवलं. केलेपी त्याच्याकडे न बघता बाहेर पडला.

आठवडाभर केलेपी स्वतःशी भांडत होता. चोर सापडला म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता, पण होत नव्हता. दोर कमरेला बांधून उडी मारणारा माणूस बाटलीभर डिझेलसाठी असं करील? मग त्याला वाटे, फिल्टर बदलला म्हणणारासुद्धा चांगलाच माणूस होता. शेवटी त्याने ठरवलं की इंजिनाचं करतो तेच इथे करायचं. ऐकीव नको, डोळ्यांनी बघायचं. बायकोला त्याने सांगितलं की पाठीत उसण भरलीय, उमू मुलांना लावू दे. आयुष्यात पहिल्यांदा रविवारी तो खोटं बोलून घराबाहेर पडला.

बर्फखान्यामागे मासळीचे रिकामे प्लास्टिकचे डबे रचलेले होते. केलेपी त्यांच्या आड जाऊन बसला. सकाळचं ऊन चांगलंच वर आलं होतं. सगळ्या वस्त्यांवरून उमूचा धूर उठत होता, आणि फाटकाजवळ वाइसेले इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, रविवारच्या रिवाजाप्रमाणे कमरेला चटई गुंडाळून, मांडीवर बायबल ठेवून बसला होता. नोकरीचा शेवटचा दिवस असल्यासारखं काही दिसत नव्हतं त्याच्यात. आठ वाजले. पेटी हादरली, इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं, आणि शांत बंदरावर तो धडधडाट पसरला. केलेपीला एरवी तो आवाज संगीतासारखा वाटे. आज पहिल्यांदाच तो कानाला केवढा मोठा लागतो हे त्याला जाणवलं.

वाइसेले उठला. पण जनरेटरकडे गेला नाही. तो मागच्या कुंपणातल्या लहान दाराकडे गेला, ते उघडलं आणि मान खाली घालून बाजूला उभा राहिला.

दारातून मेलेआने आत्या आत आली.

ती केलेपीच्या वडिलांची थोरली बहीण. लेक ऑकलंडला गेल्यापासून नातवंडं सांभाळायला कुंपणापलीकडच्या घरात राहायला आली होती; त्या घरात तिची पेटी, तिच्या चटया, तिचा पलंग केलेपीनेच वाहून नेला होता, महिन्याभरापूर्वीच. ते लहान दारही त्यानेच पाडून दिलं होतं, तिला मासळी न्यायला सोपं पडावं म्हणून. वावाऊत आत्या म्हणजे बापापेक्षा मोठी. ती घरात शिरली की पुरुष उठून उभे राहतात. तिने ताटातला घास उचलला तर तो तिचाच असतो. तिच्याबद्दल, त्यातून तिच्या भाच्यासमोर, वावगं बोलायचं तर दूरच, तसं कुणी मनातसुद्धा आणत नाही. केलेपीने चोर म्हणून कोळी धरले होते, खलाशी धरले होते, उंदीर धरले होते, जिवलग मित्र धरला होता. आत्या त्याच्या डोक्यात शिरलीच नव्हती, कारण तिथे ती शिरत नाही.

काळी वस्त्रं, कमरेला जुनी मऊ चटई, एका हातात स्तोत्रांचं पुस्तक, दुसऱ्या हातात काठी. आत्या पेटीजवळ गेली आणि काठीच्या टोकाने लाल बटण दाबलं. धडधडाट तुटला. पलीकडच्या घरातून मुलांच्या प्रार्थनेचे सूर ऐकू आले.

“आता देवाला आमचं ऐकू येईल,” ती म्हणाली. “हे भूत रविवारी कोण चालवतं रे?”

“आपोआप चालतं, आत्याबाई,” वाइसेले म्हणाला.

“आपोआप काही चालत नाही. माझ्या भाच्याला सांगितलं नाहीस ना? त्याला उगाच लाजल्यासारखं होईल.”

“नाही सांगितलं.”

“पोरं बरी आहेत तुझी?”

“बरी आहेत,” वाइसेले म्हणाला, आणि तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

केलेपी डब्यांच्या आडून उठला नाही. आत्या गेल्यावरही उठला नाही. चर्चची घंटा वाजली तेव्हा वाइसेलेने बायबल मिटलं आणि तिथूनच, फाटकात उभं राहून, स्तोत्र म्हणायला लागला. केलेपीला इतकी लाज वाटली की वर बघवेना. इंजिनाच्या आत हात घातल्यावर कधी ना कधी गरम नळीला लागतो, तसा चटका. फक्त ओरडण्याची सोय नव्हती.

सोमवारी तो लेसिएलीसमोर एकटा उभा राहिला.

“वाइसेलेने काही केलेलं नाही,” तो म्हणाला. “मी चुकीचं बोललो.”

“मग कुणी केलं?”

“माझ्या घरातलं माणूस आहे. नाव विचारू नका. घड्याळ शनिवार दुपारवर घेऊ या, पुन्हा होणार नाही. आणि खोक्याची दुसरी किल्ली करा, फाटकावर ठेवा. मासळीचं म्हणाल तर माझ्या अंगावर टाका.”

लेसिएलीने काही विचारायला तोंड उघडलं, आणि मग तिची नजर खिडकीबाहेर गेली. कुंपणापलीकडे मेलेआने आत्या चटया उन्हात पसरत होती. लेसिएली ऑकलंडमध्ये वाढली होती खरी, पण आत्या तिलाही होती. तिने तो प्रश्न सोडून दिला आणि म्हणाली की वाइसेलेला आजच कामावर परत बोलवा.

वाइसेले फाटकाजवळ आपली खुर्ची घडी करत होता. केलेपीने त्याला सांगितलं की सगळं मिटलंय, नोकरी तुझीच आहे.

“बघितलंस का काल?” वाइसेलेने विचारलं.

“डब्यांमागे होतो.”

“माहीत होतं. तुझा पाय दिसत होता.” वाइसेलेने खुर्ची काखेत मारली. “तिचं नाव मी तुझ्यासमोर घेऊ शकत नव्हतो. दुसऱ्या कुणासमोर तर नाहीच. मला वाटलं, तू एवढा शहाणा, माझं गप्प बसणं तरी ओळखशील.”

“चुकलो रे. राहा ना आता.”

“इंजिनावर संशय घेतलास तर त्याला काही वाटत नाही, केलेपी. मला वाटलं.”

एवढं बोलून तो धक्क्याकडे चालता झाला. पुढे तो चुलतभावाच्या होडीवर जाळी ओढायला लागला. काम जास्त आणि मिळकत बेभरवशाची. कावाच्या बैठकीला तो दुसऱ्या वाडीत जाऊ लागला. जनरेटर आता शनिवारी दुपारी चालतो, तोही रिकामा नाही; बर्फखाना त्याच्यावर टाकून केलेपी शेजारी उभा राहतो. रविवारच्या जेवणाला आत्या घरी आली तेव्हा म्हणाली की तुझ्या त्या भुताला अखेर अक्कल आलेली दिसते. केलेपीने उठून तिच्या पानात मानाचं माशाचं डोकं वाढलं.

त्यानंतरच्या आठवड्यात त्याने डोंगरातल्या मळ्यातून कावाचं जुनं झाड मुळासकट उपटलं. एवढं मोठं मूळ माफी मागायलाच नेतात, ते बघणाऱ्याला सांगावं लागत नाही. तो ते खांद्यावर घेऊन भर दुपारी सगळ्या वस्तीतून चालत वाइसेलेच्या दाराशी गेला आणि उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसला. वाइसेलेची बायको लूसी बाहेर आली. तिने मूळ पाहिलं, याच्याकडे पाहिलं.

“तो समुद्रावर गेलाय,” ती म्हणाली. “उशिरा येईल.”

केलेपीची नजर आपसूकच फिरली, ती कुठेही जाताच फिरायची. दारापाशी वाइसेलेच्या चपला होत्या, ओल्या वाळूच्या, आत्ताच काढलेल्या. खिडकीचा पडदा हलत होता आणि वारा पडलेला होता. आतून कुणीतरी खोकला दाबला.

“हो, समुद्रावरच असेल,” केलेपी म्हणाला. “त्याला सांगा, मी येऊन गेलो.”

त्याने मूळ उंबऱ्याशी ठेवलं आणि मागे न बघता उतारावरून खाली चालू लागला.